एकच रायफल, रेंजवर आणि एल्कमागेही : कॅलिबर कसं निवडावं

ग्रीन कार्ड हातात येतं, कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्स नाहीतर लव्हलँडकडे घर होतं, शेजारचा माणूस दर ऑक्टोबरात डोंगरात जाऊन वर्षाचं मांस घेऊन येताना दिसतो, आणि मग आपल्या मंडळातलं कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं : "ताई, एकच रायफल घ्यायची आहे. रेंजवर चालली पाहिजे आणि शिकारीलाही. कुठलं कॅलिबर घेऊ?"

कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, आणि बोलण्यात त्या मापाचं काडतूसही. घाईत असाल तर माझं उत्तर ६.५ क्रीडमूर. घरात आधीच कुणाची .३०८ असेल तर .३०८. पण नुसतं नाव ऐकून दुकानात जाऊ नका. कॅलिबर निवडताना लोक गोळीचा विचार करतात, स्वतःच्या खांद्याचा करत नाहीत, आणि माझ्या अनुभवात शिकार बिघडते ती तिथेच.

मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीची .२२ डीलक्स रायफल हातात आली, पोटावर झोपून २५ मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप कसा बसवायचा ते तिथे शिकले. अंगाने मी लहानखुरी आहे, त्यामुळे धक्क्याचा विचार मला पहिल्यापासून करावाच लागला. तो विचार धिप्पाड माणसांनीही करावा असं आता इतक्या लोकांना रेंजवर पाहिल्यावर वाटतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. हे सगळं इथलं, कोलोरॅडोचं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. इथली गोष्ट वेगळी आहे : या राज्यात एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, संख्या पावणेतीन लाखांहून जास्त आहे, कळप पाहून परवाने किती द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि त्या परवान्यांच्या पैशांवर त्या खात्याचं मोठं काम चालतं. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हासुद्धा इथे गुन्हा आहे.

आधी कायदा, मग कॅलिबर

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : तुम्ही एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगायला तुम्हाला मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असणाऱ्यांना त्यातून सूट मिळते, पण त्या सुटीवर विसंबण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. व्हिसा पणाला लावण्याइतकी कुठलीही रायफल मोलाची नाही. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून, तपासणी होऊन रायफल घेता येते. कोलोरॅडोत तपासणी सुरू झाल्यापासून किमान तीन दिवस थांबावंही लागतं.

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो आधी करा, रायफल नंतर घ्या. कोर्सला गेलात की तिथल्या चार अनुभवी माणसांच्या हातात काय आहे तेही दिसतं.

आता कॅलिबरचा नियम. हरीण, प्राँगहॉर्न (माळावरचा, काळविटासारखा दिसणारा प्राणी), अस्वल, एल्क, मूस या मोठ्या जनावरांसाठी कोलोरॅडोत गोळीचा व्यास किमान .२४ इंच हवा, म्हणजे ६ मिलिमीटर. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलाला गोळी किमान ७० ग्रेनची, एल्क आणि मूसला ८५ ग्रेनची. ती फुलणारी, म्हणजे लागल्यावर तोंड पसरणारी, असली पाहिजे, आणि १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पाउंड तरी ताकद असली पाहिजे. त्यामुळे .२२३ इथेच बाद होतं. रेंजवर ते स्वस्त आणि गोड कॅलिबर आहे, कायोटीला चालतं, पण हरणामागे ते घेऊन गेलात तर दंड भराल. आणि बाजारात डब्यांनी मिळणारी पूर्ण आवरणाची स्वस्त गोळी, जिला इथे बॉल म्हणतात, ती कुठल्याही कॅलिबरची असो, फुलत नाही म्हणून मोठ्या शिकारीला चालत नाही. तिचा उपयोग फक्त कागदावर.

ग्रेन हे माप ऐकून नवीन माणूस बिचकतो. आपल्या जुन्या तोळ्यात बरोबर १८० ग्रेन असत. म्हणजे .३०-०६ ची नेहमीची १८० ग्रेनची गोळी आजीच्या काळच्या एक तोळ्याची. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरते, आजच्या सराफाच्या तोळ्याला जराशी कमी. एवढं लक्षात ठेवलं की डब्यावरचे आकडे हाताला जाणवायला लागतात.

खांदा काय म्हणतो

रायफलचा धक्का फूट-पाउंडात मोजतात. आठ पाउंडांच्या रायफलमध्ये .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण ९, ६.५ क्रीडमूर आणि ७एमएम-०८ चा १२-१३, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० च्या आसपास आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या वर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. बाकावर बसून विसावी गोळी झाडताना तो कळतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक १५ च्या पुढे गेले की गोळ्या मोजून झाडायला लागतात आणि २० च्या पुढे गेले की रेंजवर जाणंच टाळतात. "नेम तर लागलेला आहे, उगाच काडतुसं कशाला जाळायची," असं म्हणतात. मग ऑक्टोबरात त्या माणसाच्या हातात एक अनोळखी रायफल असते.

धक्क्याची भीती स्वतःला कळत नाही. ती पकडायची एक खात्रीची युक्ती आहे. डमी काडतुसं विकत मिळतात, आत स्प्रिंग असलेली, दारू नसलेली. बरोबरच्या माणसाला सांगा, मॅगझिन तू भर : दोन-तीन खरी, मध्येच एक डमी, कुठली कुठे आहे ते मला सांगू नकोस. मागच्या वसंतात माझ्या ओळखीच्या एका तरुणाबरोबर हे केलं. नवी कोरी .३०० मॅग्नम, उत्तम स्कोप. पहिली गोळी कागदाच्या काळ्या भागात. दुसरीला चाप दाबला आणि नुसता "टक्" आला. त्या टक्बरोबर नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं, डोळे मिटलेले, उजवा खांदा पुढे आलेला. रायफल उडालीच नव्हती, हे सगळं त्याच्या अंगाने आपणहून केलं होतं. त्याला स्वतःला ते दिसलं, आणि सांगायचं काही उरलं नाही. मग माझी ६.५ त्याच्या हातात दिली. तासाभरात टक् आला तरी क्रॉसहेअर जागचा हलत नव्हता.

ही परीक्षा करताना नियम मात्र पाळा. आवाज झाला नाही तर ते डमीच आहे असं धरून चालू नका. नळी समोर ठेवूनच तीस सेकंद थांबा, मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा हाताचा खटका, उघडा.

धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर ब्रेक बसवतात. रेंजवर ठीक आहे, पण त्याने आवाज मागे तुमच्याच कानांवर येतो, आणि डोंगरात कुणी कानाला डबल संरक्षण लावून फिरत नाही. ब्रेकशिवाय झेपेल असं कॅलिबर घ्यावं, या मताची मी आहे.

मग ६.५ क्रीडमूरच का

हे काडतूस नेब्रास्काच्या ग्रँड आयलंडमधल्या हॉर्नडी कंपनीने २००७-०८ च्या सुमारास आणलं, आणि आणलं ते मुळात नेमबाजीसाठी. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एकोणिसाव्या शतकात क्रीडमूर नावाची प्रसिद्ध रेंज होती, तिचं नाव याला दिलं. गोळी लांब, निमुळती, वाऱ्याला कमी दाद देणारी. शिकारीत ते नंतर रुळलं.

पण ६.५ मिलिमीटरची गोळी शिकारीला नवी नाही. स्वीडन-नॉर्वेत १८९० च्या दशकातलं ६.५×५५ शंभराहून जास्त वर्षं मूसच्या शिकारीला वापरतात, आणि मूस हा एल्कहून मोठा प्राणी आहे. कारण सोपं आहे : व्यास कमी आणि वजन बरं असलेली लांब गोळी खोल जाते. ६.५ मधली १४० ग्रेनची गोळी जितकी लांबोडकी असते, तितकी .३०८ मध्ये हवी तर १९० ग्रेनच्या आसपासची गोळी लागते, आणि ती .३०८ मधून रेंगाळतच निघते.

आकडे बघायचेच असतील तर माझ्या नेहमीच्या १४३ ग्रेनच्या शिकारी गोळीचे देते. नळीतून निघताना वेग सेकंदाला २,७०० फूट. २०० यार्डांवर नेम लावला की १०० यार्डांवर ती साधारण दोन इंच वर लागते आणि ३०० वर आठेक इंच खाली. म्यूल डियरच्या काळीज-फुप्फुसाची जागा नऊ-दहा इंचांची धरतात. म्हणजे अडीचशे यार्डांपर्यंत मध्यावर धरा आणि चाप दाबा, हिशेब करत बसायला नको. ३०० यार्डांवर तिच्यात साडेसोळाशे फूट-पाउंड उरतात. एल्कसाठी इथले जुने शिकारी १,५०० आणि हरणासाठी १,००० हा आकडा धरतात. तो कायदा नाही, वहिवाट आहे, पण मी पाळते, आणि म्हणून एल्कवर ३०० यार्डांपुढे गोळी झाडत नाही.

आता .३०८ शी ताडून बघा. १७८ ग्रेनची गोळी, वेग २,६००. ३०० यार्डांवरची घसरण इंचभरही वेगळी नाही. ४०० यार्डांवर दोघींची ताकद जवळपास सारखी. म्हणजे डोंगरात, जिथे शहाण्या माणसाची गोळी अडीचशे-तीनशेच्या आत झाडली जाते, तिथे एल्कला या दोन कॅलिबरांतला फरक कळणार नाही. फरक रेंजवर पडतो. ५०० यार्डांवर, ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल, तर .३०८ ची १६८ ग्रेनची मॅच (नेमबाजीच्या स्पर्धेची) गोळी बावीसेक इंच सरकते आणि ६.५ ची पंधराच्या आसपास. ग्रीलीच्या ईशान्येला पॉनी नॅशनल ग्रासलँडच्या बाजूला कधी गेला असाल तर तिथला वारा तुम्हाला माहीत आहे. झाड नाही, आडोसा नाही, आणि प्राँगहॉर्न राहतो तिथेच. सात इंच कमी सरकणं तिथे मोलाचं असतं. वर धक्का पाव भाग कमी.

मग .३०८ का घ्यावी? एक, ती सगळीकडे मिळते. १९५२ साली विंचेस्टरने ती आणली, तिचाच लष्करी जोडीदार ७.६२×५१ नाटो देशांनी १९५४ ला स्वीकारला. आपल्याकडच्या लष्कराची जुनी एसएलआर याच ७.६२×५१ ची. त्यामुळे सरावाची स्वस्त काडतुसं, शिकारीची, मॅचची, दीडशे ग्रेनपासून पुढे सगळ्या वजनांची, अगदी गनिसनसारख्या लहान गावातही सापडतात. दोन, नळी टिकते. नीट वापरली तर .३०८ ची नळी साधारण पाच हजार गोळ्या चांगला नेम देते, ६.५ क्रीडमूरची दोन-तीन हजार. वर्षाला तीनशे गोळ्या झाडणाऱ्याला हा हिशेब लागू नाही, पण दर शनिवारी शंभर झाडणाऱ्याने तो जरूर करावा. अंगाने भक्कम, खिशाला जपणारा आणि ३०० यार्डांच्या आतच राहणारा माणूस .३०८ घेऊन आयुष्यभर सुखी राहील.

बाकीची थोडक्यात. ७एमएम-०८ हे .३०८ चंच तोंड अरुंद करून १९८० ला आलेलं भावंड. शिकारीला अप्रतिम, पण मॅचची काडतुसं फार कमी मिळतात. घरीच काडतुसं भरणार असाल तर तेच घ्या. .२४३ हे १९५५ चं. मुलांना आणि हरणाला छान, कायद्याने एल्कलाही चालतं, पण नवख्या माणसाने ते घेऊन एल्कमागे जाऊ नये, गोळी जरा तिरपी लागली की हलकी गोळी माफ करत नाही. .२७० आणि .३०-०६ ही थोर कॅलिबरं आहेत, १९२५ आणि १९०६ पासून या डोंगरांत त्यांनी लाखो घरांना मांस दिलं आहे. वडीलधाऱ्या शेजाऱ्याकडून चांगली जुनी .३०-०६ मिळत असेल तर नाही म्हणू नका. फक्त रेंजवर तिची दुसरी वीस गोळ्यांची डबी फोडायला मन होणार नाही. .३०० मॅग्नम पहिली रायफल म्हणून कुणीही घेऊ नये.

मांसाच्या बाजूने

शिकार शेवटी स्वयंपाकघरात येते. वेगवान मॅग्नमची गोळी पन्नास-साठ यार्डांवरून एल्कच्या पुढच्या फऱ्यावर बसली तर काय होतं ते सोलताना दिसतं : कातडीखाली रक्त साकळून पसरलेलं, मांस काळंनिळं आणि लिबलिबीत, हाडांच्या चुऱ्यासकट. सुरी मारत चांगला लाल भाग लागेपर्यंत जायचं म्हटलं तर तीन-चार किलो टाकावं लागतं. मध्यम वेगाची गोळी फरा सोडून त्याच्या मागच्या बरगड्यांतून गेली की नुकसान मूठभर. एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. फऱ्याचं मांस सुकं खोबरं आणि तीळ भाजून केलेल्या तांबड्या रश्श्यात मंद आचेवर तीन तास शिजवलं की बोटाने तुटतं. ते टाकून देताना मला फार वाईट वाटतं.

याच कारणाने मी घरी खायच्या शिकारीला आता तांब्याची गोळी वापरते. शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि डोंगरात टाकलेली आतडी गरुड खातात तेव्हा त्यांच्याही पोटात जातात. घरात लहान मुलं असतील तर यावर दुसरा विचार नको. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतला पीळ घट्ट लागतो. ६.५ क्रीडमूरच्या नळीत दर आठ इंचांना एक पूर्ण फेरा असतो, त्यामुळे १२० ते १३० ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्या बिनतक्रार चालतात. .३०८ मध्ये दहा इंचांना एक फेरा असेल तर १५० किंवा १६५ ग्रेनची तांब्याची घ्या. हा पिळाचा आकडा बहुतेक वेळा नळीवर कोरलेला असतो, विकत घेण्याआधी वाचा.

घेतल्यावर काय

बोल्टची साधी रायफल घ्या, स्कोपसकट आठ-नऊ पाउंडांच्या आत. त्याहून हलकी घेतलीत तर चढताना बरं वाटेल पण वाचवलेला धक्का परत खांद्यावर येईल. स्कोपवर रायफलइतकेच पैसे गेले तरी चालतील. दस्ता खांद्याला बसतो का ते जाड जाकीट घालून बघा, कारण नोव्हेंबरात तुम्ही तेच घातलेलं असणार.

शिकारीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांच्या एकेक डब्या आणा. प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप १०० यार्डांवर, नळी मधे गार होऊ देत, झाडून बघा. जिचा ग्रुप दीड इंचात बसतो ती तुमच्या नळीला मानवली. तिच्याच एका लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, दहा डब्या घेऊन ठेवा. सप्टेंबरात दुकानं रिकामी झालेली असतात. सरावाला त्याच वजनाच्या आसपासची स्वस्त गोळी चालते, पण मोसमाआधी शिकारी गोळीने २०० यार्डांवर नेम पुन्हा तपासायचा. फोर्ट कॉलिन्सपेक्षा तुमची एल्कची जागा चार-पाच हजार फूट उंच असेल. विरळ हवेत गोळी कमी घसरते, तीनशेच्या आत ते जाणवत नाही.

बाकावरून नेम लावून झाला की बाकाला रामराम. उरलेल्या सगळ्या गोळ्या बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, पाठपिशवीवर टेकून झाडा. आणि शक्य असेल तर एक .२२ घ्याच. गोळी काही सेंटांत पडते, धक्का नाही, आणि चाप दाबण्याची शिस्त तीच लागते. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. दोघं कोल्हापूरकडचे, आणि दोघांचीही पदकं ५० मीटरवरच्या .२२ ची. आठवड्याला .२२ च्या पन्नास गोळ्या झाडणाऱ्याची ६.५ डोंगरात चुकत नाही.

शेवटची सूचना फक्त आपल्या लोकांसाठी. रेंजला न्यायची पिशवी वेगळी ठेवा आणि ती भारतात जाताना चुकूनसुद्धा सामानासाठी वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या स्कॅनरवर दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, "राहून गेलं" म्हणून विमान थांबत नाही. जाकिटांचे खिसे, गाडीतून बॅगेत टाकलेल्या टोप्या, मुलांच्या सॅक, सगळं टेबलावर उलटं करून बघा. रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका.